ते माझ्या खात्यातलं नाही

बेन जॉन्सन हे नाव मी पहिल्यांदा फोनवर टाइप केलं तेव्हा आधी समोर आला कॅनडाचा धावपटू. १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर जिंकलेला आणि स्टेरॉइड सापडल्यामुळे तीन दिवसांत सुवर्णपदक गमावलेला. त्याच्यासोबत चारशे वर्षांपूर्वीचा एक इंग्लिश नाटककार. त्याचं स्पेलिंग जरा वेगळं आहे, पण सर्च इंजिनला त्याचं काही नसतं. मला हवा होता तो माणूस या दोघांच्या खाली सापडला. अमेरिकन अभिनेता, स्टंटमन, काउबॉय. स्वतःच्या नावाच्या सर्चमध्येही हा माणूस सहाय्यक भूमिकेतच.

वेस्टर्न सिनेमे पाहत असाल तर तुम्ही त्याला बहुतेक पाहिलेलं आहे. ‘हँग एम हाय’च्या सुरुवातीला काही माणसं क्लिंट ईस्टवूडला झाडाला फाशी देऊन निघून जातात. मग एक मार्शल येतो आणि दोर कापतो. तो मार्शल म्हणजे बेन जॉन्सन. तो थोडा उशिरा आला असता तर सिनेमा तिथेच संपला असता. पण सिनेमा आठवतो तो ईस्टवूडचा.

मी त्याच्या मागे लागलो त्याला एक घरगुती कारण आहे. मागच्या वर्षी अप्रेझलमध्ये मॅनेजरने विचारलं, “टीम लीड व्हायचंय का?” मी म्हटलं, “नको. मला कोड लिहायलाच आवडतं.” कॉलेजचा मित्र म्हणाला, “भारी. क्लॅरिटी आहे तुझी.” आई फोनवर म्हणाली, “झेपेल तेवढंच कर बाबा.” दोघांनीही मला शहाणा ठरवलं. तरी त्या रात्री मला झोप लागली नाही. आपण समाधानी आहोत की घाबरलोय, हे बाहेरून कुणाला कळत नाही, ते ठीक आहे. मला ते आतूनही कळत नव्हतं.

त्याच आठवड्यात ‘द लास्ट पिक्चर शो’ पाहिला, आणि त्यातल्या एका म्हाताऱ्याने मला धरून ठेवलं.

*

बेन जॉन्सनचा जन्म १९१८चा, अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या फोरेकर गावचा. हा सगळा ओसेज आदिवासींचा मुलूख. वडील जनावरांच्या कुरणावर काम करणारे आणि रोडिओतले नावाजलेले चॅम्पियन. रोडिओ म्हणजे काउबॉयच्या रोजच्या कामाचा केलेला खेळ: उधळलेल्या घोड्यावर टिकून राहणं, पळत्या गोऱ्ह्याला दोरीच्या फासात पकडणं. बेनही तेच शिकत मोठा झाला.

१९४०च्या सुमाराला हॉवर्ड ह्यूजने ‘द आउटलॉ’ या सिनेमासाठी घोडे विकत घेतले आणि ते पोचवायचं काम या पोराला दिलं. आपण घोड्यांच्या डब्यातून हॉलिवूडला आलो, असं तो पुढे आयुष्यभर गमतीने सांगायचा. काउबॉय म्हणून त्याला दिवसाला एक डॉलर मिळायचा. सिनेमातला पहिला चेक होता तीनशे डॉलरचा. तो तिथेच राहिला. सिनेमांना घोडे भाड्याने देणाऱ्या फॅट जोन्स यांच्या मुलीशी, कॅरलशी, १९४१मध्ये लग्न केलं. घोडे सांभाळायचे, हिरोच्या जागी घोड्यावरून पडायचं, दुसऱ्याच्या टोपीखाली आपला चेहरा लपवायचा, हे काम. जॉन वेन, गॅरी कूपर, जेम्स स्ट्युअर्ट हे पडद्यावर भरधाव घोडा फेकताना दिसतात, तेव्हा कधी कधी तो जॉन्सन असतो.

१९४८च्या ‘फोर्ट अपाचे’च्या शूटिंगमध्ये एका गाडीचे घोडे बिथरले. गाडीत तीन माणसं होती. जॉन्सनने घोडा घातला आणि ती उधळलेली गाडी थांबवली. दिग्दर्शक जॉन फोर्ड, म्हणजे वेस्टर्न सिनेमातलं सगळ्यात मोठं नाव, म्हणाला की याचं बक्षीस मिळेल. जॉन्सनला वाटलं, फार तर आणखी एखादा स्टंट मिळेल. मिळाला तो सात वर्षांचा करार. तो हा किस्सा असा सांगायचा: कागद वाचायला घेतला, पाचव्या ओळीवर ‘आठवड्याला पाच हजार डॉलर’ दिसलं, पुढचं वाचलंच नाही. पेन घेतलं, सही केली, कागद परत दिला.

मग फोर्डने त्याला ‘शी वोअर अ यलो रिबन’मध्ये सार्जंट टायरीचं काम दिलं. टायरी हा घोडदळातला सगळ्यात तरबेज स्वार आणि माग काढणारा. कॅप्टन झालेला जॉन वेन त्याला सारखं मत विचारतो. टायरीला जे दिसलंय ते तो बिनचूक सांगतो. पण त्यापलीकडचा अंदाज विचारला की त्याचं ठरलेलं उत्तर असतं: ते माझ्या खात्यातलं नाही, साहेब.

हे ऐकून मला हसू आलं, कारण आमच्या टीममध्ये हे वाक्य दिवसातून चारदा वापरलं जातं. फक्त टायरीच्या तोंडी ते नम्र वाटतं आणि आमच्या तोंडी चालू. शब्द तेच. ज्याला सगळं येतं तो हे म्हणाला की मर्यादशील, आणि ज्याला अंगावर काही घ्यायचं नाही तो म्हणाला की कामचुकार. पण माणूस कुठला आहे हे त्या वाक्यावरून कसं ओळखायचं?

*

जॉन्सनच्या आयुष्यात मला दोन मोठे नकार दिसतात आणि त्यांच्या मध्ये एक विचित्र वर्ष.

पहिला नकार १९५०चा, ‘रिओ ग्रांदे’च्या वेळचा. ‘वॅगन मास्टर’मध्ये फोर्डने त्याला मुख्य भूमिका दिली होती. गाडी रुळावर होती. ‘रिओ ग्रांदे’मध्ये दोन घोड्यांच्या पाठीवर एकेक पाय ठेवून, उभं राहून दौडण्याचा प्रकार आहे. जॉन्सन आणि हॅरी केरी ज्युनियर यांनी तो शिकून स्वतः केला. एका रात्री जेवताना जॉन्सन केरीला म्हणाला की आज गोळ्या पुष्कळ झाडल्या, पण माणसं काही फारशी पडली नाहीत. फोर्डला वाटलं, हा माझ्या दिग्दर्शनाला नावं ठेवतोय. त्याने सगळ्यांदेखत पाणउतारा केला. फोर्ड यासाठी प्रसिद्धच होता, जॉन वेनसुद्धा त्याचं निमूट ऐकून घ्यायचा. जॉन्सन उठला, फोर्डच्या कानाशी जाऊन त्याला काय ते सुनावलं आणि निघून गेला. सिनेमा त्याने पूर्ण केला, पण पुढची दहाहून जास्त वर्षं फोर्डने त्याला काम दिलं नाही.

या नकाराबद्दल मला काही शंका नाही. त्याची किंमत मोठी होती आणि ती त्याने एकट्याने भरली.

मग आलं १९५३. वडील चॅम्पियन होते, आपणही आहोत का, हे पाहायला त्याने सिनेमा बाजूला ठेवला आणि वर्षभर रोडिओ खेळला. त्या वर्षी टीम रोपिंगचं जागतिक अजिंक्यपद त्याने जिंकलं. या खेळात दोन स्वार असतात. एक गोऱ्ह्याच्या शिंगांवर फास टाकतो, दुसरा मागच्या पायांवर. दोघांपैकी हिरो कोण, हा प्रश्न तिथे उद्भवतच नाही. वर्षाअखेरी हिशेब केला तेव्हा खिशात तीन डॉलरही नव्हते. होती ती एक खिळखिळी मोटार आणि रागावलेली बायको. हेही तोच हसत सांगायचा.

मला हे वर्ष फार महत्त्वाचं वाटतं. सिनेमात तुम्ही किती मोठे आहात हे दुसरा कुणीतरी ठरवतो: दिग्दर्शक, स्टुडिओ, पोस्टर छापणारा. ऑफिसातही तेच. जॉन्सनने आयुष्यातलं एक वर्ष अशा ठिकाणी घालवलं जिथे दोरी पडली तर पडली, नाहीतर नाही. त्यानंतर तो पुन्हा हॉलिवूडला आला आणि बिनतक्रार दुय्यम भूमिकांकडे वळला. ‘वन आइड जॅक्स’, ‘मेजर डंडी’, ‘विल पेनी’, ‘द वाइल्ड बंच’. आपल्याला काय येतं आणि काय येत नाही, याबद्दल तो मुलाखतींतही मोकळेपणाने बोलायचा. गावातला प्रत्येक जण माझ्याहून चांगला नट आहे, पण बेन जॉन्सनचं काम माझ्याइतकं चांगलं कुणालाच जमत नाही, अशा अर्थाचं त्याचं एक बोलणं प्रसिद्ध आहे.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असं आपल्याकडे म्हणतात. त्यात गृहीत धरलेलं असतं की अंथरुणाची लांबी आपल्याला माहीत आहे. जॉन्सनने त्याची एक बाजू स्वतः मोजून पाहिली होती. दुसरी बाजू मोजायची अजून राहिली होती.

*

१९७०च्या आसपास पीटर बॉग्डानोविच हा तिशीतला दिग्दर्शक लॅरी मॅकमर्ट्रीच्या कादंबरीवर ‘द लास्ट पिक्चर शो’ करायला निघाला. टेक्ससमधलं एक ओसाड पडत चाललेलं गाव. तिथला पूल हॉल, कॅफे आणि एकुलतं एक थिएटर ज्याच्या मालकीचं आहे तो म्हातारा, सॅम द लायन. या कामासाठी बॉग्डानोविचला जॉन्सनच हवा होता. जॉन्सनने नाही म्हटलं. कारणं दोन. एक, स्क्रिप्टमध्ये घाणेरड्या शिव्या आहेत. दोन, संवाद फार आहेत.

बॉग्डानोविच गेला जॉन फोर्डकडे. फोर्डने जॉन्सनला फोन केला आणि विचारलं: आयुष्यभर ड्यूकचा, म्हणजे जॉन वेनचा, साइडकिकच राहायचंय का तुला?

जॉन्सन शेवटी तयार झाला, पण एक अट घातली. माझे संवाद मी माझ्या परीने बदलेन आणि त्यातली घाण काढून टाकेन. बॉग्डानोविचने मान्य केलं.

मी इथे वाचायचा थांबलो. आमच्याकडे कधी कधी एकाच तिकिटात दोन बग लिहून येतात. लिहिणाऱ्याला तो एकच प्रॉब्लेम वाटतो, कारण त्याच्या स्क्रीनवर दोन्ही एकदम दिसलेले असतात. तसं तिकीट कधीच धड सुटत नाही. एक दुरुस्त केला की दुसरा पहिल्याच्या नावाने पुन्हा उघडतो. पहिलं काम असतं तिकीट फोडायचं, दोन वेगळी करायची.

जॉन्सनच्या नकारात असेच दोन बग होते. शिव्या द्यायच्या नाहीत, हे तत्त्व होतं. बोलायचं फार आहे, ही भीती होती. स्टंटमन म्हणून आलेला, टायरीसारखं मोजकं बोलून निभावलेला हा माणूस. पानभर बोलायची त्याला धास्ती वाटणं साहजिक होतं. पण एकत्र बांधल्यावर दोन्हींना तत्त्वाचाच वास यायला लागतो. माणूस भीतीला भीती म्हणून फार काळ सांभाळत नाही. तो तिला एखाद्या चांगल्या कारणाच्या घरात भाडेकरू म्हणून ठेवतो. कारण खरंच चांगलं असतं, म्हणून तर भाडेकरूवर कुणाला संशय येत नाही.

फोर्डच्या फोननंतर जॉन्सनने ते तिकीट फोडलं. शिव्या काढल्या, बोलणं ठेवलं. तत्त्व सोडलं नाही आणि भीतीला मात्र घर खाली करायला लावलं.

*

इथे एक आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. शिव्या नकोत म्हणणारा हाच माणूस त्याआधी ‘द वाइल्ड बंच’मध्ये दरोडेखोर टेक्टर गॉर्च झाला होता. त्या सिनेमाचा शेवट म्हणजे पडद्यावरच्या सगळ्यात रक्ताळलेल्या शेवटांपैकी एक आहे. माणसं मारलेली चालतात आणि शिवी चालत नाही, हे कसलं तत्त्व?

मला याचं पक्कं उत्तर सापडलेलं नाही. एवढं दिसतं की नटाच्या हातातली बंदूक खोटी असते, पण तोंडातून निघालेला शब्द त्याच्याच आवाजात खरोखर निघालेला असतो. ज्याच्याकडे अभिनय म्हणून आपला आवाज आणि आपली चाल एवढंच आहे, त्याला हा फरक मोठा वाटू शकतो. आणि दुसरं असं, की तत्त्व सगळीकडे सारखं लागू होत नाही म्हणून ते खोटं ठरत नाही. माझी तत्त्वंही अशीच तुकड्यातुकड्यांची आहेत. पायरेटेड सॉफ्टवेअर मी वापरत नाही, सिनेमे मात्र कॉलेजात कसे पाहिले ते विचारू नका.

आता तो सिनेमा. गावातली पोरं बिली नावाच्या, मतिमंद असलेल्या मुलाची क्रूर थट्टा करतात. सॅमला कळतं. तो ओरडत नाही. माझ्या पूल हॉलमध्ये, कॅफेत, थिएटरमध्ये यापुढे पाय ठेवायचा नाही, एवढंच सांगतो. त्या गावात जाण्यासारख्या जागा तेवढ्याच, म्हणजे ही हद्दपारीच. आणि मग तळ्याकाठचा प्रसंग. सॅम पोरांना मासे पकडायला घेऊन आलाय आणि वीसएक वर्षांपूर्वी याच तळ्यावर आपल्यासोबत आलेल्या एका तरुण बाईची आठवण सांगतोय. कॅमेरा हळूहळू त्याच्या जवळ जातो आणि मग मागे येतो. ज्याला संवाद फार वाटत होते तो माणूस एकटा बोलत राहतो आणि तुम्ही हलत नाही.

यानंतर थोड्या वेळात सॅम मरतो, तोही पडद्याबाहेर. पोरं मेक्सिकोला भटकून परत येतात तेव्हा त्यांना कळतं. उरलेला सिनेमा म्हणजे त्याच्यावाचूनचं गाव. जॉन्सन पडद्यावर असतो जेमतेम दहा मिनिटं. १० एप्रिल १९७२ला त्या दहा मिनिटांसाठी त्याला ऑस्कर मिळालं, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी. ऑस्कर आणि रोडिओचं जागतिक अजिंक्यपद ही दोन्ही ज्याच्या घरात आहेत असा तो एकटाच.

ऑस्करचा विभाग कुठला होता? सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेता.

म्हणजे फोर्डचा प्रश्न कामी आला, पण तो तसा चुकलेलाच होता. जॉन्सन साइडकिकचा हिरो झाला नाही. नंतरही तो बहुतेक दुय्यम भूमिकाच करत राहिला. वरची जागा घ्यायला तू घाबरतोस का, हा त्याचा खरा प्रश्नच नव्हता. खरा प्रश्न होता, तुझ्या आहे त्याच जागेत तू पूर्ण उभा राहायला घाबरतोस का? हे दोन प्रश्न आपण सारखे एकमेकांत मिसळतो. बढती नाकारली की काही जण म्हणतात घाबरला, काही म्हणतात समाधानी आहे. दोन्ही बाजू फक्त पदाकडे पाहत असतात.

एक गोष्ट मात्र विसरायची नाही. जॉन्सनला निवड करता आली. फोर्डच्याच सिनेमांत मॉन्युमेंट व्हॅलीतले नावाहो लोक वर्षानुवर्षं कधी अपाचे, कधी शायेन म्हणून घोड्यावरून पडत राहिले. आदिवासींची बाजू मांडायची म्हणून फोर्डने १९६४मध्ये ‘शायेन ऑटम’ काढला, तेव्हाही मोठ्या शायेन भूमिका रिकार्डो मोंटालबान आणि गिल्बर्ट रोलंड यांना मिळाल्या. नावाहो गर्दीतच राहिले. त्यांना कुणी फोन करून विचारलं नाही की आयुष्यभर असंच राहायचंय का. ज्याला दार उघडं आहे त्याने उंबऱ्याशी थांबणं हा विचार असू शकतो. ज्याला दार बंद आहे त्याला ‘समाधानी राहा’ म्हणणं हा निव्वळ उद्धटपणा आहे. माझ्यासाठी दार उघडं होतं. म्हणून तर मला स्वतःला विचारायला हवं होतं.

*

ऑस्करनंतर जॉन्सनने आणखी वीसेक वर्षं काम केलं. मुलांच्या मदतीसाठी आपल्या नावाने रोडिओ भरवले. १९९४मध्ये कॅरल गेली. ८ एप्रिल १९९६ला तो ॲरिझोनातल्या मेसा गावी आपल्या म्हाताऱ्या आईला भेटायला गेला होता, तिथेच हृदयविकाराच्या झटक्याने वारला. वय ७७.

माझं तिकीट मी एका रविवारी फोडलं. ‘मला कोड लिहायलाच आवडतं’ यात दोन गोष्टी निघाल्या. एक अशी, की लीडला टीममधल्या सगळ्यांना रेटिंग द्यावं लागतं आणि सगळ्यांनी चांगलं काम केलं तरी कुणाला तरी खाली ढकलावंच लागतं. ते मला पटत नाही. दुसरी मी कुणाला सांगितली नव्हती. तालुक्याच्या गावी मराठी शाळेत शिकलो. कोडची मला भीती वाटत नाही. पण क्लायंट कॉलवर माइक चालू करायच्या आधी मी इंग्रजी वाक्य मनात दोनदा जुळवून बघतो, आणि तोवर विषय पुढे गेलेला असतो. संवाद फार आहेत, एवढंच माझंही म्हणणं होतं.

गेल्या दोन महिन्यांपासून दर शुक्रवारचा डेमो मी मागून घेतलाय. पहिल्या दिवशी घसा कोरडा पडला आणि एक साधा शब्द आठवेना. पलीकडच्या बाईंनी तो सुचवला आणि आम्ही पुढे गेलो. काही झालं नाही.

रेटिंगचं मात्र मला अजूनही पटत नाही. पुढच्या अप्रेझलला पुन्हा विचारलं तर मी बहुतेक ‘नको’च म्हणेन. पण तेव्हा त्या ‘नको’मध्ये एकच कारण असेल, आणि ते मला माइक चालू करून सांगता येईल.